मेंढी कोरडी राहील तितकं

वेस्टपोर्टच्या धक्क्यावर कुणालाही विचारा,
क्ल्यूच्या उपसागरात बेटं किती?
तीनशे पासष्ट, सांगतील. दिवसागणिक एक.
आणि पुढचा घोट घेतील.

परवा डब्लिनहून एक पोरगा आला,
पाठीवर उडतं यंत्र घेऊन.
त्याला एकशे काहीतरी भरली.
म्हणाला, बाई, बेट कशाला म्हणायचं
हे आधी ठरवावं लागतं.
मी सुकाणूवर होते. हसू आलं.
आमच्यात ते कधीच ठरलंय.
फेस्टी मॅकग्रील, माझा बाप, म्हणायचा:
उधाणाच्या रात्री एक मेंढी सोडून यायची.
सकाळी कोरडी सापडली, तर बेट.
नाही तर खडप.
(मेंढी कुणाची, तेही ठरलेलं. शेजाऱ्याची.)

पोराचं एक मात्र मला पटलं.
इथे म्हणे बर्फ बसला होता डोंगराएवढा,
खुडूक कोंबडी बसते तसा,
अंग जरा जरा सरकवत.
पोटाखाली चिकणमाती, गोटे, सगळं लांबट गोल होत गेलं.
मग ऊब वाढली, कोंबडी उठून गेली,
अंडी तशीच.
मागाहून समुद्र आला विचारत,
ही कुणाची?
तेव्हापासून पश्चिमेकडून एकेक फोडतोय.
गावाकडून बघाल तर हिरवी, गुबगुबीत पाठ.
वळसा घालून जा:
अर्धंच अंडं, पिवळा उभा कडा,
आणि त्यातून सुटलेले दगड
लाटेबरोबर खडखड करत आत-बाहेर.

नकाशावाले आले तेव्हा बेटाबेटांवर धूर होता.
त्यांनी साखळी टाकून किनारे मोजले,
कानावर पडलं तसं नाव लिहिलं, आणि गेले.
दहा वर्षंही झाली नसतील,
बटाटा जमिनीतच काळा पडला.
आता चुलीचा दगडही नाही अशा ठिकाणी
संध्याकाळचं तिरपं ऊन आलं
की गवताखालून वाफे वर येतात, ओळीने,
जणू काढणी राहिलीय.
मेंढ्या त्याच सऱ्यांत आडव्या होतात.
तिथे वारा लागत नाही.

मला महिने शिकवले ते बापाने, होडीतून.
जानेवारी बाहेरच्या रांगेत, जिथून क्लेअर बेट दिसतं.
डिसेंबर धक्क्याजवळ, चिखलात.
माझा भाऊ ऑस्टिन बारा मे;
त्याच्यावर विहीर, म्हणून त्याला माज.
मी सात ऑक्टोबर: ससे, आणि गोठ्याचं एक भिंताड.
बापाची स्वतःची दोन.
त्याचा जन्म नोंदवायला जायचं तर तीन आठवडे वारा पडेना,
आणि उशिराला दंड.
म्हणून आजीने कारकुनासमोर
पोराला तीन आठवड्यांनी लहान केला.
कागदावरचं बेट धडधाकट आहे, पाच एकर.
खरं होतं नऊ जानेवारी.
मी दहा वर्षांची असताना
त्याच्यावरचं शेवटचं गवत गेलं.
बाप त्या दिवशी जाळी शिवत होता.
म्हणाला, बरं झालं, एकाचाच वाढदिवस करा.

यंदा फेब्रुवारीत त्याला नेला.
होडीत पेटी आडवी, वर ताडपत्री.
पाणी उतरत होतं, वाट सरळ होती,
धक्क्यावर पाद्री खोळंबलेला.
तरी मी सुकाणू बाहेर वळवलं.
ऑस्टिन काही बोलला नाही.
नऊ जानेवारी पाण्याबाहेर होतं,
नुसती दगडांची लांब पाठ,
वर सात-आठ सील.
इंजिन बंद केलं तेव्हा एकाने मान उचलली.
कातडी सुकून फिकी पडली होती त्याची,
मानेपासून शेपटापर्यंत.

उधाण नव्हतं. रात्रही नव्हती.
सील म्हणजे मेंढी नव्हे, कळतं मला.

पोराला म्हटलं, एक वाढव.
कुठलं? त्याने विचारलं,
पेन्सिल काढून.
मी इंजिन सुरू केलं.